नेहमी, कधीकधी, कधीच न्हाई

नौबाद, बीदर
ता. ९ डिसेंबर २०२४

चि. उमादेवीस अप्पाचे आशीर्वाद.

फोन उचलंनास म्हणून लिहायलोय. जीपवाल्या शरणबसवाच्या हाती पाठवतोय. इथं सगळं ठीक. तुरीला शेंगा चांगल्या धरल्यात. तुझ्या आईला तुझ्याशी बोलायचंय म्हणे, पण नुसती रडत बसते.

तुझा लाडका भाऊ सिद्धराम तुझ्याकडंच चिटगुप्प्याला हाय, हे मला ठाऊक हाय.

तुझ्याच हट्टापायी त्याला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी छापील कागद दिला. चारचौघांत जेवायची भीती वाटते का, अनोळखी माणसाशी बोलताना हात कापतात का, असले प्रश्न. पुढं चौकोन. पोरगं सगळीकडं 'नेहमी'वरच खुणा करायलं! मी शेजारीच बसलो होतो. म्हणालो, "व्हय रे, कामून बापाची अब्रू काढायलास?" त्यानं खोडलं. मग मी बोट ठेवत गेलो, तो 'कधीच न्हाई' करत गेला.

डॉक्टरांनी बेरीज केली. "आकडा फारच कमी आलाय. तूच भरलास ना?" तो माझ्याकडं बघत राहिला. "व्हय," मीच म्हणालो.

दुखणंच न्हाई म्हटल्यावर मुलगी बघायला नेऊ नको का? जनवाड्याला गेलो. मुलीच्या वडिलांनी, आप्पारावांनी, प्रेमानं विचारलं, "घरच्या दुकानात तुम्ही काय बघता?" याच्या तोंडातून शब्द फुटंना. हात असा कापला, चहा सगळा पँटीवर. बाया हसल्या. मी डॉक्टरचा कागद काढून सगळ्यांपुढं वाचला. म्हणालो, "रोग न्हाई, सोंग हाय." मग पुरुषही हसले. तो उठला, तसाच ओल्या पँटीनं रस्त्याला लागला. मी हाक मारली न्हाई.

दार लावून बसतो, तुझ्या लेकरांसमोरही जेवत न्हाई, असं जावई सांगत होते. जेवंल. भूक कुणाला चुकली हाय?

खरी बातमी पुढंच हाय. काल आप्पारावांचा होकार आला. उलट बोलणारा जावई त्यांना नकोच होता. येत्या सोमवारी साखरपुडा. मंडप मोठा सांगितलाय, जेवणाला पाचशे पान उठंल.

शरणबसवाच्याच जीपमध्ये त्याला बसवून दे. भ्यायचं कारण न्हाई म्हणावं. त्यानं सगळ्यांपुढं नुसतं बसायचं हाय. बोलायला मी हाय.

न पाठवलंस तर तूही येऊ नको.

तुम्हा दोघांचाही बाप,
पंचाक्षरी