अष्टमीचं पाणी

प्रिय मन्या,

'चिरंजीव' लिहिलं आणि खोडलं. धाकट्या भावाला दुसरा मायना मला कुणी शिकवलाच नाही.

आज सकाळी तुझी सुमन एक कागद घेऊन आली. तुमच्या नंदाच्या शाळेची सहल कोकणात चालली आहे, मालवणकडे. पालकाची सही हवी. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "अण्णा, तुम्ही म्हणाल तसं. त्यांनाही तुम्ही किती अडवलं होतं. ऐकलं असतं तर..." ती गेल्यावर सहलीची तारीख पाहून माझा हात आपोआप पंचांगाकडे गेला. मी तो मागे घेतला, दार लावलं आणि तुला लिहायला बसलो. चार वर्षांत पहिल्यांदा!

मी तुला अडवलं होतं, हे खरं आहे. कोणत्या दिवशी अडवलं, एवढंच कुणी विचारत नाही.

तुझं ते खूळ दुष्काळातलं. वालूरच्या शाळेत मी पोरांकडून शब्दरूपं घोकून घ्यायचो आणि पलीकडच्या वर्गात तू त्यांना समुद्रातल्या पोवळ्यांची चित्रं दाखवायचास. बाहेर आडावर घागरींची रांग! मी म्हणायचो, "अरे, उपाशी माणसाला पाकशास्त्र कशाला शिकवतोस?" तू म्हणायचास, "अण्णा, पाणी असतं एवढं तरी त्यांना कळू द्या."

पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहिरी भरल्या आणि तू ते यंत्र केलंस. खिडकीची काच गोल कापून घेतलेली, भोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि श्वासाला एक रबरी नळी. शेजारच्या किसनरावांच्या विहिरीत तू तासभर पालथा तरंगत होतास. किसनराव घाबरून माझ्याकडे आले. "गुर्जी, तुमचा धाकटा हिरीत काय हुडकायलाय? बादली पडली का काय?"

"बेडकांकडे सोयरीक बघतोय," मी म्हणालो.

"मग हुंडा लय मागू नका म्हनावं!"

तू पाण्यातूनच हसलास, नळीत पाणी गेलं आणि ठसकत वर आलास. किती हसलो होतो आपण!

दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघं मालवणकडे निघालो. परभणीहून रेल्वे, मग एसटी, मग आणखी एक एसटी. तिथे पोचलो तेव्हा कार्तिक शुद्ध अष्टमी होती. नारळीखालचं ते नाखव्याचं घर, समोर रिकामी वाळू आणि पाणी असं निवांत, की जणू कुणी तरी अंथरून विसरून गेलंय. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि मला एकही श्लोक आठवला नाही. तुला मात्र मी तसं सांगितलं नाही.

नाखव्याने तुझं यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "मास्तरानू, बरा केल्यात. आजच उतरा. आज अष्टमीचो भांग आसा, भरती-ओहोटी मंद, पाण्याक ओढ नाय. खालचो खडक सुदिक दिसतलो. पुनवेक उधाण येतला, तेवा नको." मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी छत्री घेवन बसा."

ते मला लागलं, मन्या. हे आज प्रथमच लिहितोय. एका मासेमाराला तुझ्या विद्येची किंमत कळली आणि माझ्या विद्येच्या वाट्याला छत्री आली! मी घसा खाकरून म्हणालो, "समुद्र पर्वणीशिवाय शिवू नये असं शास्त्र आहे. पौर्णिमेला उतर."

"अण्णा, मासे काय पंचांग बघून पोहतात?"

"मासे नसतील. आपल्या घरातली माणसं बघतात."

मी गंमत करत होतो की खरंच बोलत होतो? अजून ठरत नाही. पण तू यंत्र पिशवीत ठेवलंस. तू ऐकलंस! सगळं वालूर म्हणतं तू माझं ऐकलं नाहीस. जन्मभर माझ्याशी वाद घातलास, मग त्या एकाच दिवशी शहाण्यासारखं का वागलास रे?

मधले सहा दिवस आपण वाळूत नुसते पडून होतो. इतका रिकामा वेळ आपल्याला कधी मिळाला होता? तुझं नाक सोललं होतं. भांगाचं पाणी रोज थोडं थोडं जागं होत होतं आणि आपल्याला ते कळत नव्हतं.

पौर्णिमेला नाखव्याने पुन्हा हात जोडले. मी म्हणालो, "आमचा मन्या विहिरीत मुटके मारून वाढलाय." विहिरीचं पाणी माणसाला कुठेही नेत नाही, हे आम्हा कोरड्या मुलखातल्या लोकांना कुठलं ठाऊक!

भर दुपारी तू उतरलास. थोड्याच वेळात ओहोटी लागली. तू पालथा तरंगत होतास, नळी वर होती आणि मी काठावरून कौतुकाने बघत होतो. मन भरून बघू दे, म्हटलं. त्यातला किती वेळ तू मासे बघत होतास आणि किती वेळ नव्हतास, हे मला माहीत नाही. नाखवा ओरडत होडीकडे धावला, तेव्हा मला कळलं.

काच फुटली नव्हती. काही दिसलं का रे तुला?

तिथल्याच वाळूत तुला अग्नी दिला. परतीच्या एसटीत, अस्थी मांडीवर असताना, मला आठवलं. समुद्र शिवायची पर्वं पाच: चतुर्दशी, अष्टमी, अमावास्या, पौर्णिमा आणि संक्रांत. अष्टमीसुद्धा! ही यादी मी दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेतो, मन्या.

तेराव्याला किसनराव म्हणाले, "अन्नांनी लय अडवलं व्हतं म्हनं. पन जानाऱ्याला कोन धरनार?" सुमनने मान हलवली. मी पाट सरळ करत राहिलो. तेव्हापासून या घरात तू हट्टी आणि मी शहाणा. नंदा तर म्हणते, "बाबांनी अण्णांचं ऐकायला हवं होतं." मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, याचा असा फायदा मी चार वर्षं घेतला.

आता शब्द देतो. हे पत्र संपलं की सुमनला आणि नंदाला समोर बसवून सगळं सांगेन: नाखवा काय म्हणाला, मी काय म्हणालो आणि तू ऐकलंस हे. पर्वांची यादीसुद्धा. सुमन रडेल, कदाचित वेगळी चूल मांडेल. मी मधे बोलणार नाही. सहलीचा कागद मी सही न करता तिच्या हाती देईन. नंदाने जायचं की नाही, ते तिची आई ठरवेल.

कडी काढतो आता.

तुझा,
अण्णा