तिघे निघालो

८ जानेवारी १९६५

सोनाळ्याला रुजू झालो. बदलीच्या गावाला नावे ठेवायची नाहीत असे ठरवून आलो होतो. ठराव दुपारपर्यंत टिकला. पण धरणाचा नवा तलाव झकास आहे! मासे शोधण्याचे यंत्र मेव्हण्याने जपानहून आणून दिले आहे, ते रविवारी होडीत बसवणार. कचेरीतल्यांना तो रेडिओ वाटला. एकाने नाट्यगीत लावायला सांगितले.

१० जानेवारी

नावाडी उत्तमराव. नाव सरदाराचे, धोतर फाटके. त्याला समजावले: यंत्र खाली आवाज सोडते, तो आपटून परत येतो आणि सुई सरकत्या कागदावर खूण जाळते. तळाची जाड रेघ. मासा होडीखालून गेला की चंद्रकोर, कारण तो आधी लांब असतो, मग जवळ येतो, मग पुन्हा लांब जातो. होडी चालू असताना सरळ रेघ यायची तर त्या वस्तूने होडीबरोबरच चालायला हवे. पालथ्या घड्यावर पाणी. नुसते "हाव, हाव" म्हणाला आणि तंबाखू मळत बसला.

याच्या घराण्याची एक रीत आहे, पूर्णा नदीवरून आणलेली. निघताना पाण्याला माणसांचा आकडा ओरडून सांगायचा, परतल्यावर पुन्हा तोच. तो दोघे म्हणाला. मी यंत्र मांडीवर घेऊन, त्यालाही मोजून ओरडलो, "तिघे निघालो!" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. परतल्यावर त्याने आकडा सांगितलाच नाही.

१७ जानेवारी

सात चंद्रकोरी. शिवाय चाळीस फूट खोलीवर एक सरळ रेघ, अर्धा तास. तळ वरखाली होत होता, ती हलली नाही. यंत्र बिघडले असावे. उत्तमराव कागदाकडे न बघताच म्हणाला, "पाण्याले खोटं सांगू नोका, सायेब. तीन नेले म्हनलं, तं तीन आनाच लागते."

अज्ञानालाही काही मर्यादा असावी.

२४ जानेवारी

पंचवीस फूट. होडी गरागरा फिरवली, उलटी नेली. रेघ तशीच.

संध्याकाळी त्याची बायको तानुबाई घरी आली. चुकलो, दोघेच होतो, एवढे पाण्याला सांगा म्हणून हात जोडत होती. बी.एस्सी. झालेल्या माणसाने तळ्याची माफी मागायची! चहा पाजून वाटेला लावली.

३१ जानेवारी

बारा फूट.

उत्तमरावाने काम सोडले. भित्री भागूबाई. यंत्र काठावर हौदात तपासले. त्यात रेघ नाही. यंत्र ठीक आहे.

म्हणजे—

७ फेब्रुवारी, होडीत

एकटाच आलो. हे थोतांड आज निकालात काढणार.

सहा फूट.

तीन. काठ शंभर हात. पाणी गढूळ, काही दिसत नाही—

दोघेच होतो म्हणून ओरडलो. चुकलो म्हणालो. हो, मी म्हणालो. दोनदा—

कागद कोरा. रेघ गेली! या अडाण्यांच्या नादाने मीही—

होडी मागून खचली. कोणी चढून बसले की खचते तशी. पाठीवर पाणी ठिबकते आहे.

मागे बघणार नाही. काठावर उत्तमराव आहे. हात वर करून आकडा दाखवतो आहे, रीतीप्रमाणे.

दोन बोटे.

अरे, मी एकटा आहे, नीट मोज, मी एक—