कमान की साकव

सानपाडा, नवी मुंबई

तीर्थरूप आईस,

शिवतेजचा नमस्कार. फोनवर तू नुसतं "बरं हाय" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. शेजारची जाई वाचून दाखवेल.

इथं सगळं ठीक. सुनयनाचा खोकला गेला.

रविवारी आपले आमदार आले होते. दरवर्षी इकडच्या गावकऱ्यांना भेटतात, तसे. म्हणाले, यंदा निधीतून गावाला एकच काम देतो, तुम्ही ठरवा. सगळे म्हणाले, वेशीवर कमान. मीही हात वर केला.

मार्केटमधले हौसेरावमामा तेवढे उठले. "आपण वर्षातनं दोन दिवस यात्रेला जातो, ते गाडीतनं. रोज ओढ्यातनं कोण जातंय? ओढ्यावर साकव मागा, पायी जायला." लोक हसले. मीही हसलो.

घरी सुनयनानं विचारलं, "आईंनी ओढ्यापलीकडच्या डेअरीला दूध घालणं का सोडलं?" मला माहीतच नव्हतं. जाईनं तिला फोनवर सांगितलं म्हणे, तुझा पाय सुजलाय. तू पाण्यात घसरलीस का? पायाची सूज उतरली का? आबा सोबत येत नाहीत का?

माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज मी लिहायचा आहे. आपल्या लोकांची रीत तुला ठाऊक आहे, सह्या आधीच कोऱ्या कागदावर घेतल्यात. वर कमान लिहायला बसलो, पण हात चालेना. साकव लिहिला तर लोकांना काय सांगू, तेही कळेना.

एवढ्या सह्यांच्या वर काय लिहू, ते तू सांग. फक्त "बरं हाय" म्हणू नकोस.

तुझा,
शिवतेज