रोज पाच मिनिटं, पाच प्रश्न

सोमवार, ६ सप्टेंबर
आज मुख्याध्यापिकांनी स्टाफरूममध्ये दोन गोष्टी सांगितल्या. एक, विज्ञानाच्या तासाला पहिली पाच मिनिटं रोज उजळणी घ्यायची. दोन, नवी प्रयोगशाळा पुढच्या महिन्यात उघडतेय. तिसरी ते पाचवीचं सगळं विज्ञान यापुढे एकाच बाईकडे राहील, आणि प्रयोगशाळेची किल्लीही तिच्याचकडे. माझी पाचवी आणि शेजारची चौथी, दोन्ही वर्गांतली उजळणी बघून मुख्याध्यापिका या महिनाअखेरीला निर्णय घेणार.
निर्णय कसला त्यात. मी बी.एस्सी. शेजारच्या वर्गाची बाई नोकरीला लागून दोन वर्षं झाली नाहीत.
जाता जाता प्रयोगशाळेच्या काचेतून आत डोकावले. उंच टेबलं, दोन बेसिन, स्टँडला लावलेली ब्यूरेट, तीच ती खुणांची लांब काचनळी. कॉलेज सुटल्यापासून ब्यूरेट हातात धरलेली नाही. पाच मिनिटं तिथेच उभी होते. शिपायाने काही हरवलंय का म्हणून विचारलं. नाही म्हटलं.

मंगळवार, ७ सप्टेंबर
उजळणीचं प्रशिक्षण झालं. शिकवणारा माझ्या धाकट्या भाच्याएवढा. म्हणे, प्रश्न रोज बदला, थोडे कालचे घ्या, थोडे मागच्या महिन्यातले. मुलांना आपलं आपण आठवू द्या, अडखळली तर अडखळू द्या. मी हात वर करून विचारलं की प्रश्न रोज बदलले तर पाठ कधी होणार? तो हसला आणि पुढच्या स्लाइडवर गेला. उत्तर नसलं की असंच होतं.
घरी येऊन पद्धत सुधारून घेतली. पाच प्रश्न, तेच आणि त्याच क्रमाने. सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर द्यायचं. मोठा तक्ता केला. अक्षर उत्तम आलंय.
१. झाडाची मुळं काय करतात? पाणी शोषतात.
२. पाण्याची वाफ होते त्याला काय म्हणतात? बाष्पीभवन.
३. शरीरात रक्त कोण ढकलतं? हृदय.
४. पान कशाच्या मदतीने अन्न तयार करतं? सूर्यप्रकाश.
५. लोखंडाच्या टाचण्या कशाला चिकटतात? लोहचुंबक.

बुधवार, ८ सप्टेंबर
उजळणीला आज तेहेतीस मिनिटं लागली. पहिला दिवस म्हणून. सगळ्यांनी सरळ उभं राहायलाच सात मिनिटं गेली. उद्यापासून पाच. प्रकरण चौथं (हवा) उद्या सुरू करेन.

शुक्रवार, १० सप्टेंबर
अठ्ठावीस मिनिटं. प्रगती आहे. सूर एक होत नाही, मागच्या दोन रांगा अर्धा शब्द मागे राहतात. जो मागे राहील त्याच्यासाठी सगळ्यांनी पहिल्यापासून म्हणायचं, असा नियम केला. हवा सोमवारी.

सोमवार, १३ सप्टेंबर
चौथीवरून गेले. गोंधळ नुसता. चिठ्ठ्या वाटून बाईसाहेब मुलांना म्हणतात, पुस्तक मिटा आणि मागच्या आठवड्यातलं आठवेल ते लिहा. अर्ध्या मुलांनी चूक लिहिलं होतं. ही त्यातली एक चूक उचलून फळ्यावर लिहिते आणि असं का वाटलं असेल म्हणून वर्गालाच विचारते. मग दोन ओले रुमाल, एक खिडकीत, एक कपाटात. रुमाल वाळायला लागतो तेवढा वेळ वर्ग बडबडत होता.
मधल्या सुट्टीत तिला प्रेमाने सांगितलं की चुकीची गोष्ट फळ्यावर लिहू नये, मुलं तीच पाठ करतात. ती हो बाई म्हणाली आणि मला चहा आणून दिला. पोरगी स्वभावाने चांगली आहे. म्हणूनच वाईट वाटतं.

गुरुवार, १६ सप्टेंबर
मोठी सुधारणा सुचली. प्रश्न विचारण्यातच निम्मा वेळ जातो. मुलांना प्रश्न पाठ आहेत, मग विचारायचा कशाला? आजपासून फक्त बोट दाखवते. एक बोट, पाणी शोषतात. दोन बोटं, बाष्पीभवन. पाचही उत्तरं अकरा सेकंदांत. एकही चूक नाही. इतक्या वर्षांत असा वर्ग पाहिला नाही.
उरलेल्या वेळात अकराचे दहा सेकंद करायचा सराव केला. हवा राहिली.

शुक्रवार, १७ सप्टेंबर
खिडकीजवळची चष्मेवाली तापातून उठून आठ-नऊ दिवसांनी आली. आल्या आल्या सुरात विरजण. मी बोट दाखवलं की ही विचार करते. मग हात वर करून म्हणाली, बाई, मुळं पाणी शोषतात तर कुंडीच्या खालून पाणी का गळतं? तिला सांगितलं की हा सहावा प्रश्न आहे, आपल्याकडे पाचच आहेत. बसली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. आजारपणात मुलं मागे पडतात ती अशी.

रविवार, १९ सप्टेंबर
घरी ह्यांच्यावर सराव. रिटायर झाल्यापासून ह्यांना तसंही काम नाही. मी चार बोटं दाखवली की पेपरातून डोकं वर न काढता हे सूर्यप्रकाश म्हणतात. मी खूश झाले. त्यावर ह्यांनी विचारलं, मुख्याध्यापिकाबाईंनी मधलाच प्रश्न आधी विचारला तर? मी म्हटलं, मधला प्रश्न आधी कोण विचारेल? एकानंतर दोन येतात हे त्यांनाही ठाऊक आहे. हे म्हणाले, बरं. ह्यांचं ते बरं मला कधीच आवडलं नाही.
संकल्प: प्रयोगशाळा मिळाली की पहिल्या दिवशी स्वतः ब्यूरेट धुवायची. मुलांना हात लावू द्यायचा नाही.

शुक्रवार, २४ सप्टेंबर
नऊ सेकंद. प्रयोगशाळेच्या दारावर लावायला पाटीचा मजकूर लिहून ठेवला. ‘चपला बाहेर. बोलणं बंद.’ हवा पुढच्या आठवड्यात नक्की.

मंगळवार, २८ सप्टेंबर
मुख्याध्यापिका आल्या. खबरदारी म्हणून चष्मेवालीला आधीच ऑफिसमध्ये खडू आणायला पाठवलं होतं.
बोटं दाखवली. नऊ सेकंद, सूर एक, सगळे ताठ. मुख्याध्यापिका छान म्हणाल्या. मी वहीत सही घ्यायला पुढे झाले, तर त्या फळ्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, आता मी विचारते.
पान कशाच्या मदतीने अन्न तयार करतं? वर्ग एका सुरात: पाणी शोषतात.
रक्त कोण ढकलतं? वर्ग: बाष्पीभवन.
टाचण्या सांडल्या तर कशाने गोळा कराल? वर्ग: हृदय.
आवाज इतका खणखणीत की चौथीपर्यंत गेला असेल.  मुख्याध्यापिका वहीत बराच वेळ लिहीत होत्या. तेवढ्यात चष्मेवाली खडू घेऊन परतली. त्यांनी तिलाच टाचण्यांचं विचारलं. ही म्हणते, लोहचुंबकाने, पण ॲल्युमिनियमच्या असतील तर वेचाव्या लागतील. आणि वर त्यांनाच कुंडीचं विचारलं.
नीट विचार केला तर मुलं चुकलेली नाहीत. पहिल्या प्रश्नाला त्यांनी पहिलं उत्तर दिलं, दुसऱ्याला दुसरं. क्रम बाईंनी चुकवला. हे त्यांना व्हरांड्यात समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, ही चांगली खूण आहे. आणि चष्मेवाली आजारामुळे मागे पडली आहे हेही सांगितलं.
ह्यांना विचारलं, काय वाटतं. हे म्हणाले, हृदय. मी आज ह्यांच्याशी बोलत नाहीये.

गुरुवार, ३० सप्टेंबर
प्रयोगशाळा शेजारणीला. पाचवीचं विज्ञानही उद्यापासून तिच्याकडे. मला हस्ताक्षर आणि वाचनालय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमचा तक्ता वाचनालयात लावू, अक्षर फार सुंदर आहे.
माझं अक्षर चांगलं असल्यामुळे मी मागे पडले, असा याचा सरळ अर्थ. एखाद्या गुणाची शिक्षा होते ती अशी.
पाचवीचा अभ्यासक्रम कुठवर आलाय ते लिहून मागितलंय. हवा, असं लिहिलं. पूर्ण की अपूर्ण, ते लिहिलं नाही.

शुक्रवार, १ ऑक्टोबर
शेजारीण सकाळी मुद्दाम वाचनालयात आली. बाई, मुलं तुमच्या सवयीची आहेत, पहिला तास माझ्यासोबत बसा, मला धीर येईल, म्हणाली. माझ्याशिवाय तिचं निभणार नाही हे मला माहीतच होतं. गेले.
प्रयोगशाळेत मुलं उंच स्टुलांवर बसलेली. ब्यूरेट माझ्यापासून हातभर लांब. मी हात लावला नाही. किल्ली तिच्याकडे होती.
तिने चिठ्ठ्या वाटल्या. म्हणाली, गेल्या महिन्यात विज्ञानात जे जे नवं शिकलात, त्यातलं आठवेल ते लिहा, चुकलं तरी चालेल, पाच मिनिटं. चष्मेवालीने लगेच मान खाली घातली. बाकी एकानेही पेन्सिल उचलली नाही. सगळा वर्ग माझ्या हाताकडे बघत बसला, मी बोट कधी वर करते म्हणून.
मी दोन्ही हात पर्सखाली घेतले.
शेजारणीला वाटलं मी एकटीच चिठ्ठीशिवाय बसलेय. तिने मलाही एक चिठ्ठी दिली. महिनाभरात मी काय नवं शिकवलं, आठवेल ते लिहायचं. पाच मिनिटं फारच लांब असतात.
माझी चिठ्ठी कोरी गेली. पेन चालत नव्हतं.