पाळीवरून जे दिसलं

मु. बोरटोला, ता. सावली
दि. ९ मार्च २०२५

प्रिय मैनाबाई,

भावाचा आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तू आणि रिंकू सिरोंच्याला बऱ्या असाल, असं धरून चालतो. फोन केला तर तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात, तरी मोह वेचायला जाते. एकटी जाऊ नको म्हटलं तर ऐकत नाही. पोरगा निकेश चंद्रपूरला कामाला लागला, महिन्यातून एकदा येतो. तलावात यंदा पाणी बरं आहे.

रिंकूची वडश्याची सोयरीक मोडली. तुला त्यांनी काय कारण सांगितलं ते मला ठाऊक नाही. खरं कारण मला ठाऊक आहे. ते लोक आधी माझ्याकडे आले होते.

मुलाचा काका आणि आणखी एक जण. चहा झाला. काका म्हणाला, "भाऊ, पोरगी तं चांगली हाय. पण तिच्या बापानं तलावात जहर टाकलं होतं म्हणतेत. तुमी सोता पाह्यलं होतं ना?"

मी म्हणालो, "मेलेल्या माणसाबद्दल आता काय बोलाव?"

एवढंच बोललो. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कप खाली ठेवले आणि उठले. मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायलाही गेलो. रस्त्यात बोलायला वेळ होता. मी धानाच्या भावाबद्दल बोललो.

आठ दिवसांनी सोयरीक मोडल्याचं कळलं. वहिनी रडली. म्हणाली, "आता तरी सांगा." मैना, तिला बरंच ठाऊक होतं. आता तुला सांगतो.

तेवीस सालच्या मे महिन्यात तलावाचं पाणी बरंच आटलं होतं. तीन दिवस आभाळ भरून होतं आणि उकाडा असा की जीव नको व्हावा. चौथ्या दिवशी सकाळी आपल्या मच्छीमार संस्थेनं सोडलेले रोहू, कतला मासे पोट वर करून काठाला लागले. वर्षभराची मेहनत. संस्थेतली आशाबाई पाण्यात बसून छाती पिटत होती. लोक म्हणाले, कोणीतरी जहर टाकलं. मग कोणी विचारलं, काल इकडे कोण आलं होतं?

मी तुझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. म्हणालो, "लटारू जवाई दिसला होता. डबकी घेऊन."

हे खरं होतं. आदल्या दिवशी सांजच्याला मी पाळीवरून, तलावाच्या बांधावरून येत होतो, तेव्हा तो निळी डबकी, प्लास्टिकचा कॅन घेऊन खाली उतरत होता. वांग्याच्या वाडीला पाणी न्यायला तो रोजच उतरायचा. तेही मला ठाऊक होतं. ते मी बोललो नाही.

संस्थेतल्याच कोलूनं विचारलं, "टाकताना पाह्यलं का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. त्याच वर्षी संस्थेच्या सभेत जवाई सगळ्यांसमोर म्हणाला होता, सचिव झाले म्हणून तलाव तुमच्या बापाचा नाही झाला. लोक हसले होते. ते माझ्या पोटात होतं. आणि त्या दिवशी इतकी माणसं माझ्या एका शब्दासाठी थांबली होती.

मी म्हणालो, "हो. पाह्यलं."

मी पाहिलं नव्हतं. मी अर्ध्या पाळीवरूनच घरी वळलो होतो.

त्यानंतरचं तू पाहिलंस. लोकांनी त्याला पाळीवरच झोडपलं. तू मधे पडलीस तर तुझा हात धरून मीच तुला बाजूला ओढलं. संस्थेतून त्याचं नाव कमी केलं, तो ठराव माझ्या अक्षरात आहे: 'सचिवांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले.' गाव सोडून सिरोंच्याला जाताना जवाई माझ्या दारात आला होता. शिवी नाही दिली. फक्त म्हणाला, "भाऊ, तुमी काऊन असं केलं?" मी दार लावून घेतलं.

आता जे मी इतके दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही.

मासे मेले त्या दिवशी मच्छी खात्याचे साहेब लोक तलावाचं पाणी आणि दोन मासे तपासायला घेऊन गेले होते, आठवतं ना? त्या तपासणीचा कागद पोळ्याच्या आधी आला. संस्थेच्या नावानं, म्हणून माझ्या हातात आला. त्यात लिहिलं होतं, विष आढळले नाही. पाणी कमी, उष्णता जास्त, मासे दाट, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपला. मी तो पेटीत कपड्यांच्या खाली ठेवला.

जवाई दिवाळीनंतर गेला. तो कागद आला तेव्हा जिवंत होता. अडीच महिने होते माझ्या हातात. एसटीनं एका दिवसात सिरोंच्याला पोचता आलं असतं.

इकडे लोक म्हणतात, त्यानं गोदावरीत जीव दिला. तू म्हणतेस, डोंगा पलटला. मी तिथे नव्हतो, मला ठाऊक नाही. तू होतीस, म्हणून मी तुझं धरतो. मातीला आलो नाही, ताप आहे असं कळवलं होतं. ताप नव्हता.

सोयरीक मोडल्यावर मी तो कागद घेऊन वडश्याला गेलो. मुलाच्या काकानं चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाला, "त्या दिवशी काऊन नाई दाखवला? आता आमची दुसरीकडे सुपारी फुटली." पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबर केलं.

मागच्या रविवारी संस्थेची सभा बोलावली. कागद मोठ्यानं वाचला आणि म्हणालो, मी पाहिलं नव्हतं, खोटं बोललो. मग आशाबाईनं विचारलं, "इतके दिवस कागद कुठी होता?"

"माह्या घरी," मी म्हणालो.

ती उठून गेली. तिनंही त्या दिवशी जवाईला मारलं होतं. जुना ठराव रद्द झाला, मला सचिवपदावरून काढलं. निघताना कोलू जवळ आला. म्हणाला, "कागद काई म्हणो भाऊ, मले तं आजही वाटते लटारूनंच टाकलं."

मी म्हणालो, "तू पाह्यलं का?"

"मी कायले पाहू? तुमीच तं पाह्यलं म्हणले होते."

मैना, घरी येऊन जेवलो नाही. गावात असे दहा-वीस कोलू आहेत. माझ्या तोंडून निघालेलं ते आता त्यांच्या घरचं झालं आहे, मी मागे घेतो म्हटलं तरी देत नाहीत.

पत्रासोबत त्या कागदाची आणि नव्या ठरावाची नक्कल आहे. पोलिसात द्यायचं असेल तर दे, मी नाही म्हणणार नाही. माफी मागत नाही. मागितली तर तुलाच काहीतरी द्यावं लागेल, आणि आधीच तुझं खूप गेलं.

एकच कर. रिंकूनं कधी विचारलं, माझ्या बापानं जहर टाकलं होतं का, तर नाही म्हणून सांग. मामा असं म्हणते, असं सांगू नको. कागदच तिच्या हाती दे, तिला वाचू दे.

तुझा गुन्हेगार,
सोमाजी