दोन रिंगा

बाबा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून न उठवताच निघाले. चहा थर्मासमध्ये आहे.

कालचा तो फोनवरचा गोडबोल्या बँकेचा नव्हता, भामटा होता. तो खात्याचा नंबर मागत होता आणि तुम्ही त्याला आईच्या आजारपणाचं सांगत बसलात! बरं झालं, तोच कंटाळला.

आज फोन उचलू नका. पूर्वी हॉस्टेलला पोचल्यावर करायचे, तसंच आज घरी पोचल्यावर करीन: दोन रिंगा देऊन ठेवून देईन. तेव्हा पैसे वाचवायला आई उचलू द्यायची नाही आणि तुम्ही नुसते फोनकडे बघत बसायचात.

लगेच पुन्हा वाजला तर मात्र उचला. आता अडवायला आई नाही. आणि त्या भामट्याला जे सांगितलंत, ते मला कधीच सांगितलं नाहीत.

धाकटी