गादीसमोरचं स्टूल

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
६ जानेवारी २०२५

ती. दादास,
वैजूचा शि. सा. न.

फोनवर भांडण होतं, पत्रात फार तर रुसवा होतो, असं आपले अप्पा म्हणायचे. म्हणून हे पत्रात लिहिते आहे. वाचण्याआधी दुकानाच्या गादीवर तक्क्याला नीट टेकून बस.

तुझी लेक केतकी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जात नाही. दिवाळीपासूनच जात नाही. ती फरीदाबादला कामगारांच्या एका संघटनेत काम करते आणि तिथेच दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. मी तिला रंगेहाथ पकडलं. खरं सांगायचं तर तिनं मला पकडलं.

झालं असं, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण आणायचं काम यंदा भगिनी मंडळानं माझ्या गळ्यात घातलं. फरीदाबादच्या 'घरभर'मध्ये स्टीलच्या वाट्या स्वस्त मिळतात, म्हणून मी आणि शेजारची विजयालक्ष्मी मेट्रोनं तिथे गेलो. घरभर म्हणजे मिठापासून सोफ्यापर्यंत सगळं एका छताखाली विकणारं अवाढव्य दुकान. दारात दहाबारा मुली फलक घेऊन उभ्या, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात हिंदी घोषणा देणारी आपली केतकी. माझ्या हातात दोन रिकाम्या पिशव्या. तिनं फलक भिंतीला टेकवला, भर रस्त्यात मला वाकून नमस्कार केला आणि आत जाऊ नकोस म्हणाली. नमस्कार करणाऱ्या भाचीला ओलांडून आत कसं जाणार?

घरभरमध्ये बिलं करणाऱ्या बायकांना दिवसभर उभं राहावं लागतं. बसायला काही नाही. सुट्टी कधी ते आदल्या दिवशी कळतं, पगारातून काय कापलं ते कधीच कळत नाही. जालन्याकडची चेतना म्हणून एक आहे. पाय सुजले म्हणून ती तेलाच्या रिकाम्या डब्यावर टेकली, तर तिला कामावरून काढलं. तिला परत घ्यावं म्हणून केतकीनं हे सगळं मांडलं आहे.

मी वाट्या न घेता परत आले. दुसऱ्या दिवशी आमच्या विनायकरावांना घरभरच्याच नोएडाच्या शाखेत पाठवलं, तिथे दारात कोणी ओळखीचं नव्हतं. हे केतकीला कळवू नकोस. आणि पोरीवर रागावू नकोस. रागवायचंच तर माझ्यावर रागव, मला सवय आहे.

लोभ आहेच. हे पत्र वाचून झाल्यावरही तो तेवढाच राहू दे.

तुझी,
वैजू


बार्शी
१४ जानेवारी

चि. सौ. वैजूस,
अ. उ. आ.

मी रागावेन असं तुला वाटलं. मी पेढे वाटले.

कारण ऐक. तेच घरभर इथे बायपासवर येतं आहे. पत्रे ठोकून झाले, फलकही लागला. आमच्या व्यापारी संघाच्या तीन बैठका झाल्या. प्रत्येकीत चहा झाला, भाषणं झाली, पण त्यांच्याविरुद्ध जाहीरपणे पहिला कोण बोलणार हे काही ठरेना. आणि माझी पोर तिकडे थेट त्यांच्या दारात उभी राहून ठणकावते आहे. कलेक्टर झाली असती तर आनंदच होता, पण झाली असती तर असल्याच एखाद्या दुकानाची फीत कापायला गेली असती.

या कंपन्यांना माणसाची किंमत नाही. आपल्यासारख्यांकडे माणुसकी असते. आपला शांतारामच बघ. अप्पांच्या काळापासून दुकानात आहे. दिवाळीला कपडे, लेकीच्या लग्नात उचल, आजारपणात डॉक्टर. तोंडातून कधी तक्रारीचा शब्द नाही. नोकर म्हणून मी त्याला कधी पाहिलंच नाही.

केतकीला म्हणावं, तुमच्या मागण्यांचं मराठीत एक झणझणीत पत्रक लिहून पाठव. छपाई माझी. तिच्यासाठी चिवडा वेगळ्या पार्सलनं पाठवला आहे, त्यात विनायकरावांनी हात घालू नये.

सगळ्यांवर लोभ आहे, केतकीवर सध्या जरा जास्त.

तुझा,
दादा


फरीदाबाद
२४ जानेवारी

ती. बाबांस,
केतकीचा सा. न. वि. वि.

तुमच्या शिव्यांची वाट बघत होते आणि आला चिवडा. क्लास सोडल्याचं लपवलं त्याबद्दल रागावलात तरी चालेल, फक्त चिवडा पाठवत राहा.

पत्रक सोबत आहे. मागण्या साध्या आहेत. बसायला जागा हवी, आठवड्याची सुट्टी ठरलेली हवी, पगाराचा हिशेब लेखी हवा. कंपनीचं नाव छापलं तर नोटीस येईल असं आमच्या वकीलबाई म्हणाल्या, म्हणून नाव कुठेच घातलेलं नाही. ज्या दुकानात काम करणाऱ्याला बसायला जागा नाही तिथून काही विकत घेऊ नका, एवढंच लिहिलं आहे. कोणाबद्दल आहे ते वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

चेतनाला अजून परत घेतलेलं नाही. घरभरनं काढलेली बाई म्हटल्यावर दुसरं कोणी तिला दारात उभं करत नाही. ती माझ्या भरवशावर थांबली आहे. तिला काम परत मिळालं नाही, तर पुन्हा कोणी तिथे बसायचं धाडस करणार नाही. घोषणा देताना मला भीती वाटत नाही, बाबा. खोलीवर आल्यावर वाटते.

आत्यानं हळदीकुंकवाला बोलावलं होतं. वाणाची वाटी उलटी करून पाहिली, तर खाली घरभरचं स्टिकर. मी आत्याकडे पाहिलं. आत्यानं मला तिळगूळ दुसऱ्यांदा दिला.

असाच लोभ आणि तुमच्या हातचा चिवडा मिळत राहो.

तुमची,
केतकी


बार्शी
५ फेब्रुवारी

चि. सौ. वैजूस,
अ. उ. आ.

तुझ्या भाचीनं माझं दुकान बुडवायला घेतलं आहे. पेढे वाटले तेव्हा ती माझी लेक होती, आता ती तुझी भाची.

पत्रकाच्या पाचशे प्रती छापल्या. पहिली माझ्याच दुकानाच्या दर्शनी खांबावर मी स्वतः खळ लावून चिकटवली. दुसऱ्या दिवशी श्याम गुरुजी गूळ घ्यायला आले. चष्मा लावून त्यांनी पत्रक वाचलं. मग शांतारामकडे पाहिलं, मग माझ्या गादीकडे पाहिलं, आणि पिशवीची घडी घालून निघून गेले. मला वाटलं, पैसे विसरले असतील.

संध्याकाळी शांताराम पुढे आला. पत्रक फार चांगलं आहे, ते लागू कधीपासून होणार, असं त्यानं अगदी अदबीनं विचारलं. मी त्याला समजावलं की हे मोठ्या दुकानांसाठी आहे. त्यावर तो म्हणाला की तसं त्यात कुठे दिसलं नाही. मी पुन्हा वाचलं. खरंच नाही.

मालक गादीवर बसला की नोकरानं समोर बसायचं नाही, ही अप्पांची रीत. मी काही ती काढलेली नाही. शांताराम मजेत उभा असायचा. आता प्रत्येक दुकानातला माणूस पत्रक हातात घेऊन मालकाकडे बघतो. व्यापारी संघाची चौथी बैठक झाली आणि तिच्यात चहा येण्याच्या आत एकमत झालं, माझ्याविरुद्ध.

केतकीला सांग, लगेच दुसरं पत्रक पाठव. लहान दुकानांना हे लागू नाही असं त्यात ठळक हवं.

लोभ तूर्त राखून ठेवला आहे.

तुझा,
दादा


लक्ष्मीबाई नगर
१२ फेब्रुवारी

ती. दादास,
वैजूचा शि. सा. न.

दुसरं पत्रक येणार नाही. का येणार नाही ते सांगते, पुन्हा तक्क्याला टेकून बस. शांताराम समोर उभा असेलच.

काल कामगार अधिकाऱ्यांसमोर घरभरची आणि मुलींची बोलणी झाली. केतकीनं मलाही सोबत नेलं. वाटीचं प्रायश्चित्त असावं. घरभरचा मॅनेजर राजीव सेठी गोड बोलणारा माणूस आहे. त्यानं कुठून तरी तुझ्या दुकानाची माहिती काढली होती. या मॅडम बार्शीच्या व्यापाऱ्याच्या कन्या आहेत, आमचं दुकान तिथे येऊ नये म्हणून व्यापाऱ्यांनीच हे आंदोलन उभं केलं आहे, असं तो हसत हसत म्हणाला. आणि मग त्यानं विचारलं की यांच्या वडिलांच्या दुकानातला नोकर तरी बसतो का.

दादा, घोषणा देणारी ती पोर आणि खाली मान घालून बसलेली ही, एकच आहे असं वाटेना. मला फार वाईट वाटलं. चेतना शेजारीच होती, ती केतकीच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी केतकी म्हणाली की पुढच्या बैठकीला त्याचा बसलेला फोटो आणते. बैठक पंचवीस तारखेला आहे. फोटो आला नाही, तर आंदोलन व्यापाऱ्यांचं ठरणार आणि चेतनाचं काम गेलं म्हणून समज.

केतकी तुला स्वतः लिहिणार नाही. बाबांना असं कसं सांगू म्हणाली. म्हणून मी सांगते आहे. तुझी माणुसकी दिवाळीला दिसते हे मला ठाऊक आहे, पण बैठक फेब्रुवारीत आहे.

राखून ठेवलेला लोभ वेळेत सोडवून घे.

तुझी,
वैजू


बार्शी
१८ फेब्रुवारी

चि. केतकीस,
अ. उ. आ.

फोटो सोबत आहे. खरं काय घडलं ते तुला कळलेलं बरं.

एक स्टूल आणायचं, शांतारामला बसवायचं, फोटो काढायचा आणि स्टूल माळ्यावर टाकायचं, असा माझा बेत होता. समोरच्या मोबाइलच्या दुकानातल्या जयदीपला फोटो काढायला बोलावलं. शांताराम दिवाळीचा शर्ट घालून आला. पण बसेना. नुसता टेकायचा आणि गिऱ्हाईक दिसलं की ताडकन उठायचा. शेवटी मी ओरडलो, तेव्हा बसला. मग त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. बराच वेळ तसाच होता. मी आजवर त्याला बसलेलं पाहिलंच नव्हतं हे मला तेव्हा कळलं. मला लाज वाटली, पोरी.

तेवढ्यात श्याम गुरुजी गूळ मागायला आले. शांताराम उठू लागला. फोटो बिघडेल म्हणून मी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि गादीवरून उठून गूळ मीच तोलला. जयदीपनं नेमका तेव्हाच फोटो काढला. पुन्हा काढू का म्हणाला, मी नको म्हटलं.

स्टूल माळ्यावर गेलं नाही. रात्री शांतारामनं ते पुसून गादीसमोर ठेवलं आणि मी ते तिथेच राहू दिलं. त्याची सुट्टी सोमवारी ठरली आहे. तेव्हा सोमवारी माझ्याकडून पत्राची अपेक्षा ठेवू नये, सोमवारी मला वेळ नसतो. पगाराचं तेवढं हळूहळू बघू. व्यापारी संघाची पाचवी बैठक बोलावली आहे, तिला मी जाणार नाही.

चेतनाचं काय झालं ते कळव.

लोभ होता, आहे. राग होता, तो माळ्यावर टाकला आहे.

तुझे,
बाबा


फरीदाबाद
२६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
केतकीचा सा. न. वि. वि.

चेतना येत्या सोमवारपासून कामावर जाणार आहे. बिलाच्या प्रत्येक काउंटरमागे स्टूल मिळणार आहे. सुट्टी आणि पगाराचं पुढच्या बैठकीत. घरभरनं लगेच जाहीर केलं, की बार्शीच्या दुकानात पहिल्या दिवसापासून स्टुलं असतील. म्हणजे तुमच्यासमोरची स्पर्धा मीच वाढवली. माफ करा.

काल फोटो टेबलावर ठेवला. राजीव सेठींनी तो उचलून नीट पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी तो कामगार अधिकाऱ्यांपुढे धरला आणि म्हणाले की हेच तर मी सांगत होतो, चांगला शर्ट घातलेले शेठ आरामात बसले आहेत आणि बिचारा म्हातारा नोकर उभा राहून गूळ तोलतो आहे.

मी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग सांगितलं की बसलेत ते आमचे शांतारामकाका, आणि तो म्हातारा नोकर माझे बाबा.

तुमचा लोभ फोटोत दिसतो आहे, त्यामुळे वेगळा मागत नाही.

तुमची,
केतकी